आग्रा ते लिओपोल्डव्हिल, कॅनबेरातून: सिमवर १९६१ चा काँगो प्रवास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी हा प्रवास सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर, कॅनबेरा या जुन्या जेट बॉम्बरमधून आतापर्यंत तीनदा पूर्ण केलाय आणि दोनदा वाटेत सोडलाय, त्यातला एकदा अरबी समुद्रात. ज्याला ज्याला सांगितलं त्याने तेच तेच प्रश्न विचारले, मग प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. क्रम वगैरे काही नाही, ज्या क्रमाने प्रश्न आले तसे टाकलेत.

प्र. हा नक्की कुठला प्रवास? कॅनबेराचा आणि आफ्रिकेचा काय संबंध?

भरपूर संबंध आहे, आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही एवढंच. काँगो ३० जून १९६० ला बेल्जियमकडून स्वतंत्र झाला आणि पंधरा दिवस व्हायच्या आत त्यातला तांब्याच्या खाणींचा श्रीमंत प्रांत, कटांगा, फुटून निघाला. युनोने तिथे सैन्य उतरवलं, त्यात आपल्या लष्कराची एक अख्खी ब्रिगेड होती. सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगाच्या एका फूगा माजिस्टेरने, म्हणजे खरं तर ट्रेनर विमान, भाडोत्री पायलट बसवून युनोच्या लोकांना अक्षरशः सळो की पळो करून सोडलं, कारण युनोकडे लढाऊ जेट एकही नव्हतं. त्याच दिवसांत युनोचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांचं विमान आजच्या झांबियातल्या एनडोलाजवळ कोसळून ते गेले. मग स्वीडनने टुनान लढाऊ जेट पाठवली, इथिओपियाने सेबर लढाऊ जेट आणि आपण सहा कॅनबेरा. हवाई दलाची ५ नंबर स्क्वाड्रन, सीओ म्हणजे प्रमुख विंग कमांडर ए. आय. के. सुआरिस, विमानं बी(आय)५८ प्रकारची कॅनबेरा. ऑक्टोबर १९६१ मध्ये ही सहा विमानं आग्र्याहून निघून लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला पोचली आणि पुढे कामिना बेसवर, म्हणजे काँगोतल्याच लष्करी तळावर गेली. आपण जे उडवतोय ते हे.

प्र. लंडन–केप टाउन रेकॉर्ड का नाही? ते जास्त फेमस आहे ना.

आहेच. १७ डिसेंबर १९५३ ला ‘एरीज फोर’ नावाच्या कॅनबेराने लंडन ते केप टाउन साडेबारा तासांच्या आत मारलं होतं आणि ते पण सिमवर मस्त होतं. पण तिथे सगळा खेळ स्पीडचा, घड्याळाशी मारामारी. काँगोच्या प्रवासात घाई कोणालाच नव्हती, विमानं धड पोचणं महत्त्वाचं होतं, त्यामुळे सगळा भार नेव्हिगेशनवर येतो आणि मला त्यातच मजा येते. शिवाय खरं सांगायचं तर माझे मामा टिंगरेनगरला राहायचे, लहानपणी त्यांच्या गच्चीवरून लोहगावची विमानं बघत बसायचो, तेव्हापासून कॅनबेरा हे आपलं घरचं विमान वाटतं. त्यात बसून दुसऱ्याचा रेकॉर्ड कशाला मोडायचा.

प्र. मार्ग काय घेतोस?

आग्रा – जामनगर – एडन – नैरोबी – लिओपोल्डव्हिल, आणि मन भरलं नाही तर पुढे कामिना. आकडे सगळे नॉटिकल मैलात आणि ढोबळ: आग्रा ते जामनगर ५१५, जामनगर ते एडन १५४०, एडन ते नैरोबी ९७५, नैरोबी ते लिओपोल्डव्हिल १३००. म्हणजे ४३०० च्या वर, किलोमीटरमध्ये साधारण ८०००. चाळीस हजार फुटांवर कॅनबेरा ४२० नॉटच्या आसपास खरा स्पीड देते, चढण-उतरण धरून हवेतले अकरा तास पकडा. एका दिवसात कोणी करू नका, मी शनिवार-रविवार असे दोन आठवडे घेतो.

सिममध्ये कोड टाकायचे तर आग्रा व्हीआयएजी, जामनगर व्हीएजेएम, एडन ओवायएए, नैरोबी एचकेआरई, किन्शासा एफझेडएए, कामिना बेस एफझेडएसए. नैरोबीला लोक सवयीने मोठ्या एअरपोर्टला उतरतात, मी मुद्दाम ईस्टलीला उतरतो, ते तेव्हा आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं ठाणं होतं, आता केनियाच्या हवाई दलाचं आहे आणि चहूबाजूंनी इमारतींनी वेढलंय, फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पोटात गोळा येतो.

प्र. विमान कुठून आणायचं? बी(आय)५८ मिळतच नाही.

हा प्रश्न रोज येतो. नेमकं आपलं मॉडेल मिळणं अवघड आहे हे मान्य करून टाका. एफएसएक्स किंवा प्रीपार३डी ही सिम वापरणाऱ्यांसाठी जस्ट फ्लाइट कंपनीचं पीआर९ प्रकारचं कॅनबेरा आहे. ते दिसायला आपल्याच्या जवळ जातं, कारण दोघांनाही डावीकडे सरकलेली फायटरसारखी कॅनोपी आहे, पण पीआर९ ला इंजिनं जास्त ताकदीची आणि पंख जास्त रुंद. त्यामुळे पूर्ण थ्रॉटल लावून चढलात तर इतिहास बाजूला राहतो आणि रॉकेट होतं. मी चढताना पॉवर मुद्दाम कमी ठेवतो आणि ४२,००० च्या वर जात नाही. बी२ या जुन्या प्रकाराचं मॉडेल मिळालं तर इंजिनं कमी ताकदीची आणि टाक्या लहान, तिथे जामनगर–एडन लेग खरोखर घाम काढते. बाकी सिमवाल्यांनी जे कॅनबेरा मिळेल ते घ्या, फक्त विकत घ्यायच्या आधी टिप टँक (पंखांच्या टोकांवरच्या जादा टाक्या) आहेत का आणि इंधन टाकीनिहाय भरता येतं का एवढं बघा. मी एकदा न बघता पैसे घातले, आतून कॉकपिट म्हणजे चिकटवलेला फोटो, एकही स्विच हलत नाही आणि परतावा पण नाही. असो.

कॅनबेरा नाहीच मिळाली तर सरळ पंखांचं, आवाजाच्या आतल्या वेगाचं आणि एका दमात १६०० मैल जाईल असं कुठलंही जुनं जेट चालेल. फूगा माजिस्टेर घेऊन निघायचा विचार करू नका, गोड विमान आहे पण जामनगरहून निघून समुद्रातच उतरेल. आणि डीसीएस हे दुसरं सिम वापरणाऱ्यांनो सॉरी, तुमच्याकडे एवढा मोठा मॅपच नाही.

प्र. कॅनबेरात विशेष काय आहे? जुनं बॉम्बरच ना.

१३ मे १९४९ ला पहिल्यांदा उडालं आणि आपल्याकडून ११ मे २००७ ला आग्र्यालाच निवृत्त झालं, आपल्याच सेवेत पन्नास वर्षं. दोन एव्हॉन इंजिनं. स्टार्ट करायला काडतूस, बंदुकीसारखं, धडाम करून काळा धूर निघतो आणि इंजिन फिरायला लागतं. ज्या मॉडेलमध्ये हा धूर नीट दाखवलाय त्याला माझ्याकडून दोन मार्क जास्त.

पण मला सगळ्यात जास्त डोक्यात बसलेली गोष्ट वेगळी आहे. या प्रकारच्या कॅनबेरात माणसं दोन. पायलट वर काचेच्या फुग्यात बसतो, ती कॅनोपी उघडत नाही, आत शिरायचा दरवाजा नाकाच्या उजव्या बाजूला, त्यामुळे एडनला रनवेवर थांबलं की आत भट्टी. नेव्हिगेटर खाली अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि काम पडलं की सरपटत नाकात जाऊन पालथा झोपतो आणि समोरच्या काचेतून खाली बघतो. पायलटला इजेक्शन सीट होती. नेव्हिगेटरला नव्हती. त्याने पॅराशूट लावून दरवाजातून उडी मारायची, वेळ मिळाला तर. आणि विमान नेमकं कुठे आहे हे माहीत असायची जबाबदारी त्याचीच.

सिम आपल्याला कायम वरच्या सीटवर बसवतं. म्हणून बहुतेक लोक हा प्रवास करतात आणि म्हणतात, ‘बोर आहे रे, नुसतं निळं पाणी’. वरून बघितलं तर बोरच आहे. प्रवास खरा खालच्या सीटवर चालू असतो, तुम्ही दोन्ही सीटचं काम केलं तरच. माझे सगळे नियम त्यातूनच आलेत, ते पुढे.

प्र. मग नियम काय? जीपीएस बंद?

जीपीएस बंद, मॅपवर विमानाचा ठिपका बंद, मार्ग दाखवणारी गुलाबी रेघ बंद. कंपास, घड्याळ, स्पीड, उंची आणि खिडकी. रेडिओ कंपास चालेल, पण आजच्या डेटाबेसमधून कितीतरी जुने एनडीबी (तो ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते जमिनीवरचे रेडिओ बीकन) काढून टाकलेत, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. ऑटोपायलटला हेडिंग आणि उंची धरायला लावलं तरी चालेल, मी काही साधू नाही, चार तास जॉयस्टिक धरून मनगट दुखतं. टाइम अॅक्सलरेशन फक्त चढून झाल्यावर, चार पटीपर्यंत, आणि पुढचा चेकपॉइंट यायच्या दहा मिनिटं आधी परत एकपट.

प्लॅनिंगला लिटिल नॅव्हमॅप वापरा, फुकट आहे आणि भारी आहे. पण त्यातून फक्त अंतरं आणि दिशा कागदावर उतरवायच्या आणि उडताना ते बंद करायचं. मी शाळेचा आलेख कागद घेतो, आडवी वेळ, उभं इंधन, दर पंधरा मिनिटांनी पेन्सिलने एक ठिपका. आधी प्लॅनची रेघ काढून ठेवलेली असते, ठिपके रेघेच्या वर आले तर इंधन शिल्लक आहे, खाली घसरायला लागले की चहा बाजूला ठेवायचा. ऐकायला म्हातारपणाचे चाळे वाटतील पण एकदा करून बघा, बाहेर काही दिसत नसताना ते दहा-बारा ठिपके हेच तुमचं जग असतं.

प्र. सुरुवात थेट आग्र्याहून करू का आधी प्रॅक्टिस?

प्रॅक्टिस करा. पुणे ते दाबोळी, सरळ दक्षिणेला १९० मैल, डोंगर उजवीकडे ठेवायचे की डावीकडे हा प्रश्न पण नाही, घाट ओलांडला की किनारा आणि किनारा धरून गोवा. याला इतिहास पण आहे. १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून बारा कॅनबेरांनी जाऊन दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते, नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचं. म्हणजे त्या डिसेंबरात एकीकडे पुण्याच्या कॅनबेरा गोव्यावर आणि त्याच हवाई दलाच्या दुसऱ्या कॅनबेरा कटांगावर, एकाच महिन्यात. हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कॅलेंडर काढून दोनदा बघितलं होतं.

प्रॅक्टिसमध्ये एक इंजिन बंद करून उतरायचं पण बघा. कॅनबेरा एका इंजिनवर कमी वेगात वाईट वागते, खऱ्या कितीतरी पायलटांना तिने असंच मारलंय. फायनलवर वेग सोडू नका आणि एकदा खाली आलात की परत वर जायचा मोह नको.

प्र. जामनगर–एडनला एवढं घाबरवतोस का? समुद्रावर तर धडकायला काहीच नाही.

तेच तर. धडकायला काही नाही म्हणजे ओळखायला पण काही नाही. १५४० मैल, पावणेचार तास, आणि पहिले दोन तास खिडकीत निळं आणि निळं.

माझी पहिली चूक सांगतो म्हणजे कळेल. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळच्या मार्गाची दिशा वाटेत बदलत जाते. जामनगरहून निघताना २५२ अंश, एडनला पोचताना २४४. आठ अंशांचा फरक, थोडा थोडा करत कमी करत जायचा, मी दर अर्ध्या तासाला एक-एक अंश करतो. पहिल्या वेळी मी २५२ लावलं आणि बायकोबरोबर भाजी आणायला गेलो. हिशोबाप्रमाणे सव्वादोन तासांच्या पुढे ओमानचं सलाला उजव्या हाताला पंधरा मैलांवर दिसायला पाहिजे. परत येऊन बसलो, पाच मिनिटं वाट बघितली, खाली पाणी असायला पाहिजे तिथे तपकिरी डोंगर आणि पलीकडे वाळवंट. वाटलं सिमचं टेक्स्चर बिघडलं. मग डावीकडे मान वळवून बघितलं तर किनारा डावीकडे, आणि सलाला पण डावीकडे. म्हणजे मी तीस मैल उत्तरेला ओमानच्या आत घुसलेलो आणि तसाच गेलो असतो तर आतल्या वाळवंटात पोचलो असतो, जिथे इंधन संपलं तर शोधायला पण कोणी येत नाही.

साठास-एकचा नियम लक्षात ठेवा, साठ मैल गेल्यावर एक अंशाची चूक म्हणजे एक मैल बाजूला. सलालापर्यंत साडेनऊशे मैल होतात, म्हणजे एका अंशाला सोळा मैल.

गंमत म्हणजे सलालाच्या मागचे धोफारचे डोंगर. आपला नैऋत्य मान्सून जाता जाता त्यांना पण भिजवतो, जून ते सप्टेंबर तिथे हिरवंगार असतं, अरबस्तानात. ऑक्टोबरला सुकायला लागतं पण उंचावरून थोडा हिरवट पट्टा सिममध्ये दिसतो, तो दिसला की समजा बरोबर आहात. त्यानंतर सोपं आहे. येमेनच्या किनाऱ्यावरचं रियान जवळजवळ पोटाखालून जातं, तिथून एडन पावणेतीनशे मैल. सलाला आणि रियान दोन्हीकडे तेव्हा आरएएफच्या धावपट्ट्या होत्या, म्हणून इंधनाचा घोळ झाला तर लाज न बाळगता उतरा.

प्र. तू समुद्रात का पडलास मग?

लाइट गेली. तीन तास दहा मिनिटं झाली होती. इन्व्हर्टरवर पंखा, ट्यूबलाइट आणि राउटर होता, पीसी नव्हता. सांगायला लाज वाटते पण ती फ्लाइट मी ‘अपघात’ म्हणूनच लॉगबुकात लिहिली. आता पीसीला छोटा यूपीएस आहे, आणि दर तासाला सेव्ह करतो. तुम्ही पण करा.

प्र. एडनला काय बघायचं?

ज्वालामुखीचं तोंड. एडन गावच जुन्या ज्वालामुखीच्या विवरात वसलंय, नावच क्रेटर. विमानतळ त्याच्या शेजारी चिंचोळ्या सपाट जमिनीवर, तेव्हाचं खोरमक्सर. एडन तेव्हा ब्रिटिश वसाहत, नैरोबी पण ब्रिटिशांकडेच, त्यामुळे दोन्ही थांब्यांवर एकच कारभार. आज हाच मार्ग आखायचा म्हटलं तर किती देशांची परवानगी लागेल याचा विचार करून बघा. सिममध्ये नाही लागत, हा एक फायदा.

प्र. एडन–नैरोबीत अवघड काय?

दिशा २१०, अडीच तास, इथिओपियाचं ओगादेन मध्ये येतं, नुसतं तांबूस-पिवळं, ओळखीचं काही नाही. अवघड आहे ते शेवटचं. तुमची रेघ माउंट केनियाच्या पूर्वेला जेमतेम बारा मैलांवरून जाते. शिखर ५१९९ मीटर, १७,००० फुटांच्या वर. तिथून नैरोबी सत्तर मैल, म्हणजे तुम्ही उतरायला सुरुवात केलेली असते. डोंगर दिसला तर यासारखी दुसरी खूण नाही, उजव्या हाताला काळा सुळका ढगातून वर आलेला, त्याच्या बाजूने हळूच खाली यायचं. ढगात असाल आणि थोडे पश्चिमेला सरकला असाल तर मात्र तोच डोंगर. म्हणून माझा नियम, शिखर डोळ्यांनी बघेपर्यंत किंवा वेळेने ते मागे पडल्याची खात्री होईपर्यंत २०,००० च्या खाली नाही. मग उंची जास्त राहते, ईस्टलीवर नुसतं वाढून ठेवल्यासारखं दिसतं आणि उतरता येत नाही, एक चक्कर जास्त मारा, काही बिघडत नाही. कॅनबेराचे एअरब्रेक म्हणजे पंखातून बाहेर येणाऱ्या छोट्या बोटांसारख्या पट्ट्या, फार अपेक्षा ठेवू नका.

प्र. नैरोबीहून टेकऑफ होत नाही, रनवे संपतो. मॉडेल खराब आहे का?

मॉडेल खराब नाही, तुम्ही दुपारी निघालात. ईस्टली ५३०० फुटांवर आहे. तापमान २६ असेल तर हवा अशी पातळ की विमानाला वाटतं आपण ८००० फुटांवर आहोत. इंजिन कमी ढकलतं, पंख उशिरा उचलतात, आणि स्पीड इंडिकेटर नेहमीचाच आकडा दाखवतो पण जमिनीवर तुम्ही प्रत्यक्षात कितीतरी जोरात पळत असता. पहाटे निघा. टिप टँक भरायचे तर बाकी वजन टाकू नका, आपल्याला बॉम्ब नेऊन कुठे टाकायचेत. दुसरी पण गोष्ट आहे, पहाटे निघालात तर काँगोवर सकाळीच पोचता, आणि ते का महत्त्वाचं ते खालच्या प्रश्नात.

प्र. काँगोवरचं वादळ ओलांडून वरून जाता येतं का?

नाही. मला पण वाटलं होतं, ४८,००० फुटांपर्यंत जाणारं विमान, जाऊ की वरून. काँगोच्या खोऱ्यात दुपारनंतर जे ढग उठतात ते ५०,००० च्या पण वर जातात, जगात सगळ्यात जास्त विजा पडतात त्या जागांपैकी ही एक. लाइव्ह वेदर चालू ठेवून एकदा दुपारी गेलो, समोर पांढऱ्या भिंती, एकीला डावीकडून वळसा, दुसरीला उजवीकडून, असं चार वेळा झालं आणि मग मला आपण कुठे आहोत याचा पत्ताच राहिला नाही. तेव्हा कळलं की प्रत्येक वळणाची वेळ आणि दिशा लिहायची असते. पायलट वळतो, लिहितो नेव्हिगेटर, आणि माझ्या विमानात नेव्हिगेटर त्या वेळी पायलटच्या खुर्चीत बसून विजा बघत होता.

सकाळी गेलात तर खुणा इतक्या सुंदर आहेत की बास. नैरोबीहून साधारण २६२. आधी व्हिक्टोरिया सरोवराचा दक्षिण भाग, समुद्रच वाटतो. मग रुआंडाच्या टेकड्या, तेव्हा तो अजून बेल्जियमच्या ताब्यात होता. मग किवू सरोवराचं दक्षिण टोक आणि बुकावू. इथे घड्याळ शून्य करा. तिथून पुढे दीडशे-पावणेदोनशे मैल नुसतं गर्द जंगल, हिरव्या रंगाच्या पलीकडे काही नाही, आणि मग अचानक तपकिरी रुंद नदी, लुआलाबा, आणि तिच्या काठावर किंडू. बुकावूपासून पंचवीस मिनिटांनी नदी आली तर सगळं बरोबर. मला पहिल्यांदा सव्वीस मिनिटांनी आली आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो, शेजारच्या खोलीतून आई म्हणाली कोण आउट झालं.

किंडूचं नाव मात्र चांगल्या कारणाने लक्षात राहत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये युनोच्या विमानांतून तिथे उतरलेल्या तेरा इटालियन हवाई सैनिकांना मारून टाकलं होतं. मी वरून जाताना तेवढी नोंद लॉगमध्ये करतो.

किंडूनंतर सहाशे-साडेसहाशे मैल राहतात, कसाई नदी आणि तिच्या बहिणी आडव्या येत जातात, पण त्यातली कुठली कुठली ते सांगणं कठीण, मी तरी मोजत बसत नाही. शेवटी काँगो नदी फुगून तळ्यासारखी होते, त्या तळ्याच्या खालच्या टोकाला अलीकडे किन्शासा, पलीकडे ब्राझाव्हिल. एवढं मोठं टार्गेट चुकणं अवघड आहे. चुकीच्या राजधानीत उतरू नका म्हणजे झालं, नदी तुमच्या उजवीकडेच राहिली पाहिजे.

प्र. मित्राबरोबर करता येतं का?

त्यातच खरी मजा. मी एकदा नाशिकच्या मित्राबरोबर केलं, तो सिम उडवत पण नाही. त्याला फक्त व्हॉइस कॉल, आलेख कागद, पेन्सिल आणि नकाशा. स्क्रीन शेअर अजिबात नाही. मी त्याला दर पंधरा मिनिटांनी हेडिंग, स्पीड, उंची आणि इंधन सांगायचो, तो गणित करून म्हणायचा, ‘दोन अंश डावीकडे घे’. मी म्हणायचो का, तो म्हणायचा घे म्हटलं ना. सलाला उजवीकडे चौदा मैलांवर आलं. माझ्या एकट्याच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त अचूक, आणि पठ्ठ्याने बाहेर एकदाही बघितलं नव्हतं.

प्र. कामिनापर्यंत जायलाच हवं का? आणि परतीचं काय?

हवंच असं नाही, पण मी जातो. लिओपोल्डव्हिलहून ६४० मैल आग्नेयेला, पठारावर ३५०० फुटांवर, बेल्जियमने बांधलेला लांबलचक लष्करी तळ, आजूबाजूला गवत सोडून काही नाही. इथूनच डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या कॅनबेरा १३० मैल दक्षिणेला कोल्वेझीच्या विमानतळावर गेल्या आणि कटांगाची विमानं जमिनीवरच उडवली. नाकात चार २० मिमी तोफा नव्हत्या, पोटाखालच्या पेटीत होत्या, हे मॉडेलवाले हमखास चुकवतात. सिममध्ये मी कोल्वेझीवरून फक्त एक फेरी मारून येतो.

परतीचा प्रवास अजून केलेला नाही. खऱ्या कॅनबेरांना १९६२ च्या शेवटी चीनशी युद्ध पेटल्यावर घरी बोलावून घेतलं. माझं विमान मे महिन्यापासून कामिनाला उभं आहे, टाक्या भरलेल्या, आलेख कागद नवा आणलाय, यूपीएसची बॅटरी तेवढी बदलायचीय.